साध्या नजरेला न दिसणारा दोष

१२ जानेवारी, रविवार

घर पाहिलं. घ्यायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं, ही अजून विचार करते आहे.

स्वतंत्र, बैठं. वर आपली गच्ची, गच्चीवर आपली टाकी. पंपांच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणाऱ्या माणसाला घर घेताना कुणाचा सल्ला लागत नाही. माझ्या टेबलावरून आजवर पंपाचं एकही खराब रबरी गॅस्केट पुढे गेलेलं नाही. मशीन नंतर मोजतं, मी आधी अंगठ्याने दाबून सांगतो. आजही प्रत्येक भिंतीला अंगठा लावला. सगळ्या भिंती पास.

मागच्या खोलीचं छत तर काय सांगावं! पीओपीचं सीलिंग, मधोमध भलंमोठं फूल, कडेने लपवलेले दिवे. मालकाने बटण दाबलं आणि माझ्या तोंडून 'वा' निघून गेलं. जायला नको होतं. गिऱ्हाईक 'वा' म्हणालं की भाव उतरत नाही.

मालक निवृत्त गृहस्थ. बोलणं असं की ऐकणाऱ्याची शुगर वाढावी. मनातल्या मनात त्याचं नाव मधाळ ठेवलं. म्हणाला, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाच्या हातात घर जातंय, आता मी निश्चिंत. माणसाला पारख आहे.

संध्याकाळी ताईच्या यजमानांचा फोन. भाऊजी म्हणाले, घेण्याआधी एखाद्या इंजिनिअरला दाखव. म्हटलं, भाऊजी, कलिंगड घेताना तुम्ही इंजिनिअर नेता का? ते म्हणाले, कलिंगड मी कर्ज काढून घेत नाही. मी विषय बदलला.

३ मार्च, सोमवार

रजिस्ट्रेशन झालं. घर तिघांच्या नावावर. मी, ही आणि आई. बाबांच्या मागे आईने जपून ठेवलेलं सगळं यात घातलं आहे. सही करताना तिचा हात थरथरला. वयामुळे.

किल्ल्या देताना मधाळने माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, एकच विनंती. टाकी काठोकाठ भरू नका, अर्धीच ठेवा. पाणी जपून वापरलेलं बरं.

घर सोडून चाललेला माणूस, आणि काळजी कशाची तर पाण्याची! अशी माणसं आता राहिली नाहीत. हिला सांगितलं. ही म्हणाली, पण अर्धीच का? हिला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे.

९ मार्च, रविवार

सामान लागलं. मागची खोली आईला. तिची कॉट मी स्वतः सरकवून बरोबर फुलाखाली लावली. उताणं पडलं की फूल डोळ्यांसमोर. आई म्हणाली, खिडकीपाशी लावली असतीस तर वारा आला असता. म्हटलं, वारा सगळ्यांकडे असतो, असं छत कुणाकडे आहे?

२१ मार्च

खोलीत वास येतो असं आई म्हणते. नव्या रंगाचा असणार. जाईल.

ही म्हणते, रंगाचा नाही, ओलीचा आहे. भिंतीला अंगठा लावून दाखवला. कोरडी ठाक. वाद तिथेच संपला.

१३ एप्रिल, रविवार. सकाळ

आज ताई आणि भाऊजी घर बघायला येणार. टाकी काठोकाठ भरायला लावली. आमच्याकडे पाणी बेताचं आहे असं भाऊजींना वाटता कामा नये. मधाळची माफी मनातल्या मनात मागितली.

त्याच दिवशी, संध्याकाळ

छत पडलं.

नीट लिहितो. आई चहासाठी बाहेर येऊन बसली होती. मी भाऊजींना फूल दाखवायला उठलो, तेवढ्यात आतून आवाज आला. दार उघडलं तर फूल कॉटवर. फुलाबरोबर एक निळा प्लास्टिकचा टब, पाण्यासकट. टबाखाली आईची उशी.

वर भगदाड. भगदाडातून आणखी दोन टब दिसत होते, सीलिंगच्या सांगाड्यावर व्यवस्थित मांडून ठेवलेले. त्यांच्या वर खरं छत. खरं छत म्हणजे गंजून फुगलेल्या सळ्या, आणि अधूनमधून थोडा स्लॅब. काठोकाठ भरलेल्या टाकीचं पाणी त्यातून टबात ठिबकत होतं.

म्हणजे छत आधीपासून गळत होतं. मधाळने ते दुरुस्त करायचं सोडून खाली टब लावले, टबांखाली फूल लावलं, फुलाला दिवे लावले आणि मला विकलं.

आई उशीकडे बघत उभी राहिली. हिने तिचा हात घट्ट धरला होता. ताई रडायला लागली. भाऊजी मान वर करून छताकडे बघत होते. एक अक्षर बोलले नाहीत. भाऊजींचं न बोलणं फार मोठ्याने ऐकू येतं.

१४ एप्रिल

मधाळला फोन केला. म्हणाला, अरेरे, घरातली सगळी सुखरूप ना? मी टबांचं विचारलं. टब? कसले टब? माझ्याआधीच्या मालकाचे असतील. मग म्हणाला आज जरा बरं वाटत नाही, आणि फोन ठेवला. त्यानंतर फोन लागत नाही.

आता आकाशपाताळ एक करीन. मला खराब माल विकून आजवर कुणी सुखाने झोपलेला नाही. एका बेअरिंगवाल्याला अजून माझं नाव ऐकून घाम फुटतो.

ठराव: वकील करायचा नाही. लढाई स्वतः लढायची. माघार नाही.

१६ एप्रिल

नोटीस लिहून झाली. चौदा पानं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिली, आणि खरं म्हणजे सुट्टीनंतरही. हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, 'नराधम' एवढ्या वेळा कशाला? म्हटलं, जोर येतो. ही म्हणाली, उद्या हाफ डे टाका. मी वकिलांची वेळ घेतली आहे.

ठरावात थोडा बदल. वकील सल्ल्यापुरता.

१७ एप्रिल

वकीलबाई. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. टेबलावर काहीही नाही, फक्त पाण्याचा ग्लास. माझी चौदा पानं त्यांनी उलटी ठेवली आणि हिला म्हणाल्या, तुम्ही सांगा. हिने जे सांगितलं ते दोन मिनिटांत संपलं. त्यात जोर नव्हता.

मग त्यांनी मार्ग सांगितले. खरेदी रद्द करून मागायची, म्हणजे घर त्याला परत आणि पैसे आपल्याला परत. किंवा घर ठेवायचं आणि दुरुस्तीचा खर्च, झालेला त्रास यांची भरपाई मागायची. फसवणुकीची पोलिसात तक्रार, हा तिसरा. बिल्डरकडून घेतलं असतं तर ग्राहक मंचात जाता आलं असतं, पण इथे विकणारा साधा घरमालक, म्हणून तो रस्ता बंद. यातलं काहीही करायचं तर आधी नोटीस, मग समोरासमोर बसून तडजोड होते का बघायचं, नाही झाली तर दावा. आणि हातावर हात ठेवून बसायचं नाही, दाव्याला मुदत असते.

मी म्हटलं, सगळं द्या. वकीलबाई म्हणाल्या, हे हॉटेल नाही.

आम्हाला भरपाईचा मार्ग बरा असं त्यांचं आणि हिचं ठरलं. मी तिथेच होतो.

महत्त्वाचं, शेवटी म्हणाल्या ते. तीन गोष्टी दाखवाव्या लागतील. एक, दोष विक्रीच्या आधीचा होता. दोन, विकणाऱ्याला माहीत होता आणि त्याने लपवला. तीन, घेणाऱ्याने साधारण काळजी घेऊनही त्याला तो दिसला नसता. पहिल्या दोन्हींना टब पुरेसे आहेत. तिसरं तुम्ही सांगायचं. एवढंच म्हणायचं, "मला दिसलं नाही, दिसणं शक्यच नव्हतं."

मी म्हटलं, मला दिसलं नाही असं मी म्हणायचं? त्या म्हणाल्या, दिसलं होतं का? मी म्हटलं, प्रश्न तो नाही.

२२ एप्रिल

वकीलबाईंनी पाठवलेला इंजिनिअर येऊन गेला. फोटो काढले. स्लॅब कधीही खाली येईल म्हणाला. खालून लोखंडी टेकू लावून घेतले. पंचनामा पक्का होईपर्यंत दुरुस्ती करायची नाही, नाहीतर पुरावा जातो. तोवर मागची खोली बंद. आई हॉलमध्ये दिवाणावर. मला आता बातम्या आवाज बंद करून बघाव्या लागतात.

इंजिनिअरने विचारलं, घेण्याआधी कुणाला दाखवलं नव्हतं? ही गच्चीकडे बघत म्हणाली, यांनी पाहिलं होतं.

२ मे

नोटीस गेली. दीड पान. एकही विशेषण नाही. असल्या नोटिशीने कुणाच्या अंगावर काटा येणार?

१९ मे

मधाळचं उत्तर आलं. त्याच्या वकिलाने लिहिलंय: "खरेदीदार हे स्वतः खरेदी क्षेत्रातील अनुभवी व जाणकार गृहस्थ असून त्यांनी घराची बारकाईने पाहणी करून, पूर्ण समाधान झाल्यावरच ते घेतले आहे." बाकी सगळं खोटं.

'अनुभवी व जाणकार' खाली रेघ मारून ठेवली. शत्रूसुद्धा मान्य करतो. ही म्हणाली, अहो, तो तुम्हाला गळाला लावतोय. मला!

२७ मे

ऑफिसात बातमी फुटली. कशी, कळत नाही. मी फक्त तिघांना सांगितलं होतं.

स्टोअरवाला सगळ्यांसमोर म्हणाला, साहेब, तुमच्या अंगठ्याला छत नाही कळलं? सगळे हसले. माझ्यासमोर गॅस्केटचा सप्लायर बसला होता, ज्याचा माल मी दोनदा परत पाठवलाय. तो सगळ्यात जास्त हसला.

मी शांतपणे सांगितलं, मला थोडा संशय आला होता. पण घराची जागा चांगली होती. मोठा व्यवहार करताना बारीकसारीक गोष्टींकडे कानाडोळा करावा लागतो. सप्लायर म्हणाला, मग बरोबर.

४ जून

खरंच थोडा संशय आला होता, आता नीट आठवतं. त्या खोलीत शिरल्यावर छत जरा खाली वाटलं होतं.

६ जून

आणि वास. वास तर पहिल्याच दिवशी आला होता.

८ जून, रविवार

मोठी कामगिरी. सीलिंग बसवणारा कारागीर सापडला. हिने आसपासच्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारत विचारत शोधून काढला. म्हणजे कल्पना माझीच होती, मी एकदा म्हणालो होतो की तो सापडला पाहिजे.

तो म्हणतो, मी मालकांना सांगितलं होतं, आधी स्लॅब करून घ्या. मालक म्हणाले, आम्हाला इथे राहायचं नाहीये, तू फूल बसव. टब मालकांनी स्वतः आणून दिले. हे सगळं तो समोर येऊन सांगायला तयार आहे. त्याच्या मजुरीतले पैसे मधाळने बुडवलेत.

वकीलबाईंना कळवलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खुशीत वाटला. म्हणाल्या, आता समोरचा पक्ष तडजोडीलाच येईल. दुरुस्तीचा सगळा खर्च मिळेल, कदाचित वर थोडं. फक्त तुम्ही कमी बोला.

११ जून

मधाळच्या वकिलाचा निरोप: बसून मिटवू. बैठक पुढच्या आठवड्यात, मध्यस्थी केंद्रात. हरला! त्याला दरदरून घाम फुटला असणार.

१५ जून, रविवार

रंगीत तालीम. ही विरोधी वकील झाली, हातात उलथनं. वकीलबाईंनी लिहून दिलेले प्रश्न विचारत होती. "घर घेताना छताचा दोष तुम्हाला दिसला होता का?"

मी: सर्वसामान्य माणसाला तो दिसला नसता.

ही: तुम्हाला.

मी: माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला दिसला नसता.

ही: तुम्हाला, अहो, तुम्हाला.

मी: त्या दिवशी प्रकाश कमी होता.

हिने उलथनं खाली ठेवलं. म्हणाली, आईंनी आयुष्यभराचं या घरात घातलंय आणि त्या दिवाणावर झोपतायत. तीन शब्द बोलायचेत. मला दिसलं नाही. सहावीतलं पोरही म्हणेल.

आई दिवाणावरून म्हणाली, म्हण रे.

मी म्हटलं, वेळेवर म्हणेन. कलाकार तालमीत सगळं देत नाही.

१८ जून, बुधवार

आज बैठक. लढाईचा दिवस. हा तपशील नंतर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

मध्यस्थी केंद्र म्हणजे कोर्टाच्या मागची बसकी इमारत. लांब टेबल, पाण्याचे काचेचे जग, कुरकुरणारा एसी. मध्यस्थ म्हणजे निवृत्त न्यायाधीश, चष्मा कपाळावर. एका बाजूला वकीलबाई, मी, ही आणि आई. आईचं नाव कागदावर आहे आणि टब तिच्या उशीवर पडला, म्हणून तिलाही बोलावलं होतं. समोर मधाळ आणि त्याचा वकील. मधाळने आईला वाकून नमस्कार केला. आईने तोंड फिरवलं. कारागीर बाहेर बाकावर बसला होता.

वकीलबाईंनी फोटो मांडले. इंजिनिअरचा रिपोर्ट मांडला. बाहेर कोण बसलंय ते सांगितलं. मधाळ टेबलाकडे बघत राहिला. मध्यस्थ म्हणाले, समोरच्यांना काही म्हणायचंय?

त्याचा वकील म्हातारा, आवाज अगदी मऊ. म्हणाला, फक्त दोनचार शंका. मला म्हणाला, साहेब, आपण रोज माल पारखता? मी म्हटलं, हो. म्हणाला, ऐकलंय, नुसत्या अंगठ्याने? मी म्हटलं, हो. वकीलबाईंनी टेबलाखाली माझ्या बुटावर बूट ठेवला.

मग तो मध्यस्थांकडे वळला. म्हणाला, माझं एवढंच म्हणणं आहे की यात यांचा काही दोष नाही. ऑफिसातली पारख वेगळी आणि घर वेगळं. भलाभला फसतो. वास ओळखू येत नाही, छत खाली आलंय हे लक्षात येत नाही. यांना बिचाऱ्यांना काहीच दिसलं नाही.

बिचाऱ्यांना!

मी म्हटलं, दिसलं नाही कसं? पहिल्या पाच मिनिटांत दिसलं.

वकीलबाईंनी माझा बूट दाबला. मी पाय काढून घेतला. म्हटलं, छत उगाच खाली आणत नाहीत. खोलीत ओलीचा वास होता. वर हे गृहस्थ म्हणतात टाकी अर्धीच ठेवा. याचा अर्थ न कळायला मी काय दूधखुळा आहे? सगळं ओळखलं होतं मी. पहिल्याच दिवशी!

मध्यस्थांनी चष्मा नाकावर घेतला आणि काहीतरी लिहिलं. म्हाताऱ्या वकिलाने फाइल मिटली. म्हणाला, माझ्या शंका संपल्या.

ही डोळे मिटून बसली होती. आई माझ्याकडे एकटक बघत होती. असं तिने माझ्याकडे आजवर कधी बघितलं नव्हतं. भारावली असावी.

संध्याकाळ

वकीलबाईंनी कॉरिडॉरमध्ये एका वाक्यात सांगितलं. दिसलेला दोष हा लपवलेला दोष नसतो. बघून, ओळखून घेतलंत, म्हणजे मान्य करून घेतलंत. उद्या दावा लावला तरी ते पहिलं हेच विचारतील.

मी म्हटलं, मी ते एका वेगळ्या अर्थाने म्हणालो. त्या म्हणाल्या, तो अर्थ लिहून द्या, चौदा पानांत.

मग ही एकटी पुन्हा आत गेली. मलाही जायचं होतं, वकीलबाईंनी दार लावून घेतलं. मी कारागिराशेजारी बाकावर बसलो. त्याने विचारलं, माझं काम कधी लागणार? म्हटलं, तुझी गरज पडली नाही, मीच सांभाळलं.

ही बाहेर आली तेव्हा मिटलं होतं. दुरुस्तीचा तिसरा हिस्सा मधाळ देणार, बाकीचं आपण. हिने तेवढंही कसं काढलं याचं वकीलबाईंना आश्चर्य वाटलं. सगळ्यांनी सह्या केल्या. आईने सही केली, हात अजिबात थरथरला नाही.

जाताना मधाळने मला हात जोडले. म्हणाला, आपली पारख मानली. मनात आलं, काहीही म्हणा, माणूस दिलदार आहे.

घरी येताना टॅक्सीत कुणीच बोललं नाही. दमले असणार.

२१ जून

शांतपणे विचार केला. तिसरा हिस्सा म्हणजे शून्य नव्हे. शिवाय तत्त्व राखलं. उद्या कुणी म्हणू शकणार नाही की याला फसवलं.

ऑफिसात सांगितलं, केस मिटली, आपल्या अटींवर. स्टोअरवाल्याने विचारलं, म्हणजे पूर्ण पैसे? मी म्हटलं, गोपनीय आहे.

हिने तिची ठेव मोडली. मी म्हटलं, तुला परत करीन. ही म्हणाली, मला दिसलं नाही.

हे टोमणा म्हणून होतं असं वाटतं.

२४ जून

आई ताईकडे गेली. काम चालू असेपर्यंत धूळ सोसणार नाही म्हणून. धूळ अजून सुरू व्हायची आहे. ताई न्यायला आली होती. आईने बॅग आधीच भरून ठेवली होती. मी म्हटलं, थांब की चार दिवस. म्हणाली, नको. जाताना माझ्याशी नीट बोललीही नाही. नमस्कार केला तर 'असू दे' म्हणाली.

बैठकीपासूनच तिचं असं आहे. विचारलं की म्हणते, काही नाही. वयामुळे.

१ जुलै

स्लॅबचं काम सुरू. सळ्या निवडायला मी थांबलो होतो. मुकादमाने विचारलं, बाई कधी येतात? म्हटलं, जे विचारायचं ते मला विचारा. तो म्हणाला, बाई आल्यावर विचारतो. सिमेंटच्या पोत्यावर बसून राहिलो. पँट खराब झाली.

आईला फोन केला. ताईने उचलला. म्हणाली, झोपली आहे. मागून टीव्हीचा आवाज येत होता, आणि आईचा.

५ जुलै

मधाळला पुन्हा कोर्टात खेचायचा विचार आहे. वेगळ्या मुद्द्यावर. मुद्दा शोधतो आहे. मी अजून हरलेलो नाही. जो मानत नाही तो हरत नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी आईंना जाऊन भेटा.

६ जुलै, रविवार

ताईकडे गेलो. ही पण आली होती. भाऊजी पेपर वाचत होते. आई आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. मी कामाची प्रगती सांगितली. सळ्या नव्या, टाकी नवी, सीलिंग अजिबात नाही, नुसता साधा स्लॅब. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

मग म्हणाली, "एक विचारू?"

म्हटलं, "विचार की."

म्हणाली, "त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालास, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. छत खराब आहे ते."

मी म्हटलं, "हो, म्हणजे..."

"मग माझी कॉट त्याच्याखाली कशी लावलीस?"

भाऊजी दारात येऊन उभे होते, पेपर हातात. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ही खिडकीबाहेर बघत होती.

मी सांगायला सुरुवात केली की ते कायद्याच्या भाषेत होतं. बैठकीचा एक डाव असतो. विरोधी वकिलाने शब्द फिरवला. आई नुसती बघत होती. तशीच, त्या दिवशी बघत होती तशी. मग माझ्या लक्षात आलं की ती तेव्हा भारावली नव्हती. आणि हे अठरा तारखेपासून ती मनात घेऊन बसली होती.

म्हटलं, "नाही गं आई. मला दिसलं नाही. काही म्हणजे काही कळलं नाही. मला ते फूल आवडलं होतं."

ही खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "किती सुरेख म्हणालात."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पदराने डोळे पुसले आणि हसायला लागली. म्हणाली, "म्हणजे नुसता मूर्ख आहेस. देवा! आणि मी काय काय मनात आणून बसले." हसता हसता तिला ठसका लागला, हिने पाणी दिलं. भाऊजीसुद्धा हसले. या माणसाला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

काम झालं की येते म्हणाली. कॉट खिडकीपाशी लावणार असशील तर.

ताईने चहा केला. आईने बशीतलं बिस्किट माझ्याकडे सरकवलं. मऊ पडलं होतं.

खाल्लं.